अनिकेताची नीज : बेघर माणूस आणि स्वतंत्र चित्रपटाची दृष्टी

१

मराठी घरांत मुलाचे नाव 'अनिकेत' ठेवण्याची प्रथा चांगली रूढ आहे. 'बेघर' हा शब्द मात्र त्याच घरांत अनुकंपेने किंवा तिटकाऱ्याने, पण नेहमी दुसऱ्याविषयीच उच्चारला जातो. वस्तुतः दोन्ही शब्दांचा अर्थ एकच. ज्याला निकेत नाही तो अनिकेत, आणि ज्याला घर नाही तो बेघर. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना पहिला शब्द आला आणि त्याला वैराग्याची प्रतिष्ठा लाभली. दुसरा रस्त्यावरच्या माणसाला चिकटला आणि रस्त्यावरच राहिला. हे अंतर केवळ भाषेतले नव्हे. ज्याने घर सोडले त्याला समाज नमस्कार करतो. ज्याचे घर सुटले त्याला तो हटकतो. गाडगे महाराज (१८७६-१९५६) हा भेद ओळखून होते. स्वतः त्यांनी घर सोडले ते कायमचे. पण पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या त्या इतरांसाठी. आपले अनिकेतपण हे व्रत आहे आणि उघड्यावर पडलेल्या यात्रेकरूचे अनिकेतपण हे संकट आहे, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

आधुनिक नगराला ते सांगावे लागते. कायदा, वर्तमानपत्र, न्यायालय आणि साहित्य ह्यांनी ते आपापल्या परीने सांगितले आहे. चित्रपटानेही ते सांगण्याचा यत्न केला आहे. पण चित्रपटाच्या वाट्याला येथे एक विशेष अडचण येते. घर म्हणजे भिंती आणि छप्पर एवढेच नव्हे. ज्याच्या आड गेल्यावर मनुष्य इतरांच्या नजरेतून सुटतो, ते घर. तो जेवतो, अंग धुतो, भांडतो, रडतो आणि झोपतो, आणि ह्यांपैकी काहीही परक्याला दिसत नाही. बेघर माणसाला ही सूट नसते. त्याचे सारे आयुष्य दृष्टीच्या टप्प्यात असते. चित्रपट ही तर दृष्टीचीच कला होय. तेव्हा बेघरांची बाजू मांडू पाहणारा दिग्दर्शक, त्याचा हेतू कितीही निर्मळ असला तरी, त्यांच्यावर रोखलेल्या अनेक नजरांत आणखी एका नजरेची भर घालतो. ह्या विसंगतीची जाण चित्रपटाला आहे की नाही, आणि असल्यास तो तिचे काय करतो, ह्या कसोटीवर ह्या विषयावरील चित्रपटांची परीक्षा झाली पाहिजे. दिल्लीत घडलेली एक कृती ह्या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. परंतु तिच्याकडे वळण्यापूर्वी दिल्लीची बेघरांकडे पाहण्याची नजर कशी घडली, हे थोडे पाहावयास हवे.

२

ह्या नजरेचा एक धागा मुंबईहून गेला आहे. भिक्षा मागण्यास प्रतिबंध करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५९ चा. १९६० साली तो दिल्लीला लागू करण्यात आला. ह्या कायद्याने भिकारी कोणाला म्हणावे ह्याची जी व्याख्या केली, ती केवळ हात पसरणाऱ्यापुरती नव्हती. उपजीविकेचे दिसण्याजोगे साधन नसताना जो सार्वजनिक जागी भटकतो किंवा थांबून राहतो, आणि ज्याच्याकडे पाहून तो भिक्षेवर जगत असावा असे वाटते, तोही तीत येत होता. रस्त्यावर गाणारा, नाचणारा, भविष्य सांगणारा हेही तीत होते. अशा माणसास पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे आणि पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत संस्थेत डांबून ठेवण्याची तरतूद होती.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे 'दिसणे' हाच ह्या व्याख्येचा कणा आहे. साधन असून चालत नाही, ते दिसावे लागते. सदर बाजारात दिवसभर हातगाडी ओढणारा, लग्नसमारंभात रात्री भांडी विसळणारा किंवा बांधकामावर विटा वाहणारा मजूर पहाटे पदपथावर झोपलेला असतो तेव्हा त्याची हातगाडी, भांडी आणि विटा त्याच्याजवळ नसतात. त्याचा उद्योग कोणी पाहत नाही; पाहिली जाते ती त्याची नीज. श्रीमंताची झोप ही विश्रांती ठरते, आणि त्याची झोप हा आळसाचा पुरावा ठरतो.

८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ह्या कायद्यातील भिक्षेला गुन्हा ठरविणारी कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरविली. मनुष्य हौसेने भीक मागत नाही, गरजेने मागतो, आणि भिकाऱ्यांना कृत्रिम उपायांनी दृष्टीआड केल्याने प्रश्न सुटत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. 'दृष्टीआड' हा विचार महत्त्वाचा आहे. कारण राजधानीने ह्या बाबतीत जे जे केले, त्यातील बरेचसे त्याच एका हेतूने केले. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांची तयारी चालू असता, २००९ च्या डिसेंबरात, पुसा मार्गाच्या चौकातील एक तात्पुरता रात्रनिवारा ऐन थंडीत हटविण्यात आला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयास लक्ष घालावे लागले. त्याच २०१० साली दिल्ली शहरी निवारा सुधार मंडळ अस्तित्वात आले, हे खरे. पण २०२३ च्या फेब्रुवारीत, जी-२० परिषदेच्या वर्षी, सराय काले खान येथील ह्याच मंडळाचा एक रात्रनिवारा पाडण्यात आला. पाहुणे येणार म्हटल्यावर घरातली अडगळ माळ्यावर टाकावी, तसा हा प्रकार.

मात्र हा माणूस जितका दिसतो तितका मोजला जात नाही. २०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत उरकण्यात आली. तीत देशभर सुमारे १७ लाख ७० हजार आणि दिल्लीत सुमारे ४७ हजार बेघर आढळले. ह्या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थांचे दिल्लीविषयीचे अंदाज ह्याच्या कितीतरी पट आहेत. जो एका रात्री पुलाखाली आणि दुसऱ्या रात्री दुकानाच्या फळीवर निजतो, तो गणकाला सापडणे कठीणच. मुंबईत १९८५ साली 'स्पार्क' ह्या संस्थेने पदपथवासीयांची जी पाहणी केली, तिच्या अहवालाला 'आम्ही, अदृश्य' ह्या अर्थाचे शीर्षक देण्यात आले होते ते ह्यामुळेच. रस्त्यावर अतिदृश्य आणि हिशेबात अदृश्य, अशी ही दुहेरी अवस्था आहे.

लोकमताचे दोन प्रवाहही ह्याच अवस्थेतून निघतात. डिसेंबर-जानेवारीत वर्तमानपत्रांतून शेकोटीभोवतीची छायाचित्रे येतात, ब्लँकेटे वाटली जातात, आणि मन द्रवते. मार्च उजाडला की तेच मन 'ह्यांना काम नको असते' असे म्हणू लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये शहरी बेघरांच्या निवाऱ्यासंबंधीच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाच्या पीठानेच, मोफत सवलतींमुळे परोपजीवींचा वर्ग तर निर्माण होत नाही ना, असा प्रश्न उपस्थित केला. काम मिळत असता ते नाकारणारा माणूस देशात क्वचितच सापडेल, असे उत्तर त्याच दालनात वकिलांकडून देण्यात आले. प्रश्न आणि उत्तर ह्यांच्यामध्ये जी जागा उरते, ती चित्रपटाची.

३

कायद्याप्रमाणे चित्रपटातील बेघर माणूसही बव्हंशी मुंबईत घडला. ख्वाजा अहमद अब्बास ह्यांचा 'शहर और सपना' (१९६३) हा ह्या परंपरेतील आरंभीचा महत्त्वाचा चित्रपट. मोठ्या चित्रसंस्थांच्या भांडवलावाचून निघालेल्या ह्या चित्रपटास त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. महानगरात आलेले एक तरुण जोडपे सांडपाण्याच्या भल्या मोठ्या नळात संसार थाटते, ही त्याची मध्यवर्ती कल्पना. तीत करुणा आहे आणि आशाही आहे. पण ती कल्पना नीट पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. बेघरांविषयी प्रेक्षकाला आपुलकी वाटावी म्हणून दिग्दर्शकाने त्यांना आधी घर दिले आहे. नळ का होईना, त्याला आतबाहेर आहे, गृहिणी आहे, चूल आहे. गृहस्थ प्रेक्षक नळातील गृहस्थाश्रमाला आपल्या सहानुभूतीत घेतो. संसाराचे स्वप्न न पाहणारा, एकटा, दाढी वाढलेला, थोडी दारू पिणारा बेघर मनुष्य मात्र त्या सहानुभूतीच्या बाहेरच राहतो. रस्त्यावर अशाच माणसाची भेट अधिक वेळा होते, हे येथे विसरता येत नाही.

जयवंत दळवी ह्यांच्या 'चक्र' (१९६३) ह्या कादंबरीने ही सोय नाकारली. वस्तीतील माणसे गरीब आहेत म्हणून ती निष्पाप असली पाहिजेत, अशी अट दळवींनी घातली नाही. त्यांच्या वासना, लबाड्या, उधाऱ्या आणि प्रेम ही सारी त्यांनी एकाच सुरात, निवाडा न करता सांगितली. रवीन्द्र धर्मराज ह्यांनी ह्या कादंबरीवर काढलेला चित्रपट १९८१ साली लोकार्नो येथील महोत्सवात सर्वोच्च पुरस्काराचा मानकरी ठरला. त्याचा शेवट बुलडोझरने होतो, हे सर्वांच्या स्मरणात आहे. पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने चित्रपटाबाहेर घडलेली एक गोष्ट अधिक बोलकी आहे. वस्तीतील स्त्री सार्वजनिक नळावर उघड्यावर अंघोळ करते, असे एक दृश्य त्यात आहे. कथेच्या ओघात ते स्वाभाविक आहे. जिला न्हाणीघर नाही तिने करावे तरी काय? परंतु जाहिरातीच्या फलकांवर नेमके हेच दृश्य झळकविण्यात आले, आणि स्मिता पाटील ह्यांनी त्याविषयी आपली नापसंती उघड केली. आडोसा नसणे हा जो कथेतील दुःखाचा विषय, तोच फलकावर आकर्षणाचा विषय झाला. कादंबरीच्या वाचकापुढे ही अडचण येत नाही. शब्दाने सांगितलेली नग्नता आणि पडद्यावर दाखविलेली नग्नता ह्यांतील भेद साहित्याच्या विद्यार्थ्यास नवा नाही. पण बेघरांच्या बाबतीत तो नीतीचा प्रश्न होतो.

ह्या नीतिप्रश्नाला पहिल्यांदा थेट सामोरा गेला तो आनंद पटवर्धन ह्यांचा 'हमारा शहर' (१९८५) हा अनुबोधपट. पदपथवासीयांना हटविण्यापूर्वी त्यांचे म्हणणे ऐकले पाहिजे आणि जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ज्या ओल्गा टेलिस खटल्यात म्हटले, त्याच वर्षीचा हा चित्रपट. न्यायालयाने तत्त्व मान्य केले, पण झोपड्या हटविण्याचा मार्ग बंद केला नाही. पटवर्धनांनी ह्या पाडापाडीबरोबरच सुखवस्तू नागरिकांची मतेही चित्रित केली, आणि विलास घोगरे ह्यांच्या गाण्याला त्यात स्थान दिले. तथापि चित्रपटातील सर्वांत महत्त्वाचा क्षण दिग्दर्शकाच्या योजनेत नव्हता. एक संतप्त स्त्री कॅमेऱ्यालाच जाब विचारते. आमची चित्रे घेऊन तुम्ही नाव कमावणार, आमच्या पदरात काय पडणार, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. हा क्षण कापून टाकणे अगदी सोपे होते. पटवर्धनांनी तो ठेवला. बेघर माणूस केवळ पाहिला जात नाही, आपल्याकडे पाहणाऱ्याला तोही पाहत असतो, ही गोष्ट त्या क्षणाने अनुबोधपटाला शिकविली.

त्यानंतरच्या 'सलाम बॉम्बे' (१९८८) ह्या चित्रपटात मीरा नायर ह्यांनी रस्त्यावरच्या मुलांकडून कामे करवून घेतली, आणि चित्रपटाच्या पाठोपाठ 'सलाम बालक' हा न्यास उभा राहिला. मुंबईच्या मुलांवरच्या चित्रपटाचे हे फळ दिल्लीतही रुजले. नवी दिल्ली स्थानकाच्या परिसरातील एकाकी मुलांसाठी हा न्यास काम करीत आला आहे, आणि पूर्वी तेथे राहिलेली मुले पाहुण्यांना पहाडगंजच्या गल्ल्यांतून हिंडवून ती वस्ती दाखवितात. काय दाखवावे आणि काय झाकावे हे येथे दाखविणारा ठरवितो. 'हमारा शहर'मधील त्या स्त्रीच्या प्रश्नाला हे एक उत्तर झाले. पण ते चित्रपटाबाहेरचे. चित्रपटाच्या आत त्याचे उत्तर कसे द्यावयाचे, हा प्रश्न उरलाच.

४

ह्या पार्श्वभूमीवर शौनक सेन ह्यांच्या 'सिटीज ऑफ स्लीप' (२०१५) ह्या अनुबोधपटाचा विचार केला पाहिजे. सेन ह्यांचा पुढचा 'ऑल दॅट ब्रीद्स' (२०२२) हा दिल्लीतील घारींवरचा चित्रपट सनडान्स आणि कान येथे गौरविला गेला, आणि त्याच्या तेजात हा आधीचा चित्रपट काहीसा झाकला गेला. वास्तविक विचाराची धिटाई त्यातही तेवढीच आहे. बेघरांवर चित्रपट काढताना त्यांची भूक, व्यसन, रोग अथवा भिक्षा ह्यांपैकी काहीही मध्यवर्ती न करता त्यांनी झोप मध्यवर्ती केली. दिल्लीतील बेघर मनुष्य कोठे झोपतो, त्यासाठी किती मोजतो आणि कोणाला मोजतो, एवढाच प्रश्न चित्रपट विचारतो. आणि त्या एका प्रश्नाने सारे नगर उलगडत जाते.

चित्रपट दोन स्थळांभोवती फिरतो. जामा मशिदीजवळच्या मीना बाजारात खाटा आणि रजया रात्रीपुरत्या भाड्याने देण्याचा धंदा चालतो. हा धंदा कोणत्याही नोंदवहीत नाही, पण त्याला दर आहेत, उधारी आहे, ओळखपाळख आहे आणि धाकही आहे. थंडी वाढली की भाव वाढतो. ज्याला खाट परवडत नाही तो भुयारी मार्गात, बागेतल्या बाकाखाली, बंद पडलेल्या मोटारीत किंवा वाहनतळावर जागा शोधतो, आणि तेथूनही उठविला जातो. अशा एका माणसाच्या मागोमाग चित्रपट हिंडतो. हा मनुष्य आदर्श पीडित नाही. तो चतुर आहे, प्रसंगी लपवाछपवी करतो, आणि प्रेक्षकाच्या दयेवर विसंबून राहत नाही. नळातल्या जोडप्यापासून भारतीय चित्रपट किती दूर आला, ते ह्या एका व्यक्तिरेखेवरून कळते.

दुसरे स्थळ यमुनेवरील लोखंडी पुलाखालचे आहे. १८६६ साली खुला झालेला हा दुमजली पूल. वरून आगगाडी आणि खालून रस्ता. पुराच्या दिवसांत दिल्लीला यमुनेची पातळी कळते ती ह्याच पुलाशी घेतलेल्या मोजणीवरून. २०५.३३ मीटर ही तेथील धोक्याची पातळी, आणि १३ जुलै २०२३ रोजी पाणी २०८.६६ मीटरपर्यंत चढले तो आजवरचा उच्चांक. चित्रपट काढला गेला त्या काळात ह्या पुलाखालच्या चिंचोळ्या पट्ट्यात, ताडपत्री आणि बांबू ह्यांच्या आडोशाने, चित्रपट दाखविणारी पाले उभी होती. नाममात्र पैसे देऊन दिवसभरात चारशेहून अधिक माणसे तेथे येत. चित्रपट पाहणे हे निमित्त; ती तेथे झोपावयास येत. रात्री जे नगर त्यांना झोपू देत नव्हते, त्याच नगरात दिवसा, पडद्यावरच्या गाण्यांच्या आणि मारामाऱ्यांच्या गदारोळात, त्यांना गाढ झोप लागे. नदी चढली की हे सारे उचलावे लागे. दिल्लीकर वर्तमानपत्रात जो आकडा वाचून पान उलटतो, तो आकडा येथे झोपेच्या मुदतीचा आकडा होता.

हे दृश्य केवळ चमत्कारिक म्हणून सोडून देण्याजोगे नाही. चित्रपट ही पाहण्याची कला. आणि येथे चित्रगृहात येणारे पाहत नाहीत, डोळे मिटतात. अंधार, आडोसा आणि चार तासांची हमी एवढेच त्यांना चित्रपटाकडून हवे आहे. बेघर माणसाला चित्रपटाने आजवर दृश्य केले. पुलाखालच्या त्या पालाने त्याला काही तास अदृश्य होऊ दिले. घराचे जे मूळ कार्य, नजरेतून सोडविण्याचे, ते त्या पालाने केले. बेघराला चित्रपटाने काय दिले ह्या प्रश्नाचे इतके नेमके आणि इतके अहंकारशून्य उत्तर दुसरे नाही. आणि ते चित्रपटाच्या आतच मिळते, ही ह्या कृतीची थोरवी.

झोपेला विचाराचा विषय करण्यात एक वैचारिक परंपराही आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ झाक रान्सिएर ह्यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात एकोणिसाव्या शतकातील कामगारांच्या रात्रींचा शोध घेतला. दिवसभर राबणारा कामगार रात्री झोपून उद्याच्या श्रमासाठी ताजा होण्याऐवजी जागतो, लिहितो, वाद घालतो, आणि अशा रीतीने आपल्याला नेमून दिलेली जागा नाकारतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा आहे. दिल्लीचे चित्र ह्याच्या उलट आहे. येथे रात्र हिरावून घेतली गेली आहे. मजूर जागतो तो लिहिण्यासाठी नव्हे, झोपावयास जागा नाही म्हणून. तरीही एका बाबतीत दोन्ही चित्रे जुळतात. पुलाखालचा तो व्यवसाय चालविणारा मनुष्य झोपेविषयी जे बोलतो, त्यात चिंतन आहे. झोप म्हणजे काय, ती कोणाच्या हाती असते, झोपलेल्या माणसावर कोणाची सत्ता चालते, ह्याविषयी तो एखाद्या कीर्तनकाराच्या सहजतेने बोलतो. गरिबाने आपले दुःख सांगावे आणि त्याचा अर्थ विद्वानांनी लावावा, ही कामाची जी वाटणी अनुबोधपटात बिनबोभाट चालत आली, ती येथे मोडते.

एवढे म्हटल्यावर चित्रपटाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जो झोपला आहे त्याची संमती घेता येत नाही. जागेपणी दिलेली परवानगी झोपेतल्या चेहऱ्यापर्यंत पोचते काय? सेन ह्यांचा कॅमेरा अनेकदा निजलेल्या माणसांवर रेंगाळतो. ती दृश्ये सुंदर आहेत, आणि त्यांचे सौंदर्यच मनाला टोचते. शिवाय ह्या चित्रपटातील जग जवळजवळ सर्वस्वी पुरुषांचे आहे. उघड्यावरच्या स्त्रीची रात्र भाड्याच्या खाटेने सुरक्षित होत नाही. तिचा झोपेचा हिशेबच निराळा असतो, तिला बहुधा जागे राहूनच रात्र काढावी लागते. 'चक्र'च्या फलकाने जो प्रश्न विचारला होता, त्याला येथे उत्तर नाही. ही उणीव एका दिग्दर्शकाची म्हणण्यापेक्षा ह्या सबंध विषयाची म्हणणे योग्य होईल.

५

राजधानीच्या परिसरातील आणखी एक चित्रपट येथे तुलनेसाठी घ्यावयास हवा. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि दिल्ली, नोएडा, गाझियाबाद येथील हजारो मजूर काम व खोली दोन्हींना मुकून रस्त्यावर आले. २८ मार्चच्या सुमारास आनंद विहार येथे गोळा झालेला जनसमुदाय साऱ्या देशाने पाहिला. त्यानंतर गाझियाबादहून बिहारमधील सहरसापर्यंत सायकलींवर निघालेल्या सात मजुरांबरोबर विनोद कापडी ह्यांनी प्रवास केला, आणि त्यातून '१२३२ केएमएस' (२०२१) हा अनुबोधपट निघाला.

ह्या मजुरांविषयी देशात जी कणव उसळली, ती खरी होती. पण तिचे स्वरूप तपासण्याजोगे आहे. हीच माणसे, किंवा ह्यांच्यासारखीच माणसे, वर्षानुवर्षे त्याच नगरांत अर्धवट इमारतींत, दुकानांच्या ओट्यांवर आणि पुलांखाली झोपत होती. त्या वेळी ती 'मजूर' नव्हती; ती 'हे लोक' होती. ती चालू लागली आणि त्यांना नाव मिळाले, गाव मिळाले, कुटुंब मिळाले. चालणाऱ्या माणसाच्या प्रवासाच्या टोकाला घर असते, आणि त्या घरामुळे प्रेक्षकाला तो आपलासा वाटतो. झोपलेल्या माणसाच्या टोकाला काहीच दिसत नाही. 'शहर और सपना'तील नळाने जे काम केले, तेच येथे सहरसा जिल्ह्यातील घराने केले. साठ वर्षांत लोकांची सहानुभूती पुष्कळ वाढली असेल, पण तिची अट बदललेली नाही. बेघराला घर असावे लागते, निदान कोठेतरी दूर तरी असावे लागते, मगच तो मनुष्य ठरतो. ही अट 'सिटीज ऑफ स्लीप' पाळत नाही. त्यातील माणसाला परत जावयाचे ठिकाण नाही, आणि ते नसतानाच तो संपूर्ण माणूस आहे, असे चित्रपट धरून चालतो.

६

साहित्याच्या अभ्यासकाला ह्या सर्वांतून एक प्रश्न सुचल्याखेरीज राहत नाही. मराठीत ज्यांना कायमचे घर नव्हते त्यांनी स्वतः लिहिले आहे. लक्ष्मण माने ह्यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड ह्यांचे 'उचल्या' (१९८७) ही आत्मकथने भटक्या आणि गुन्हेगार ठरविलेल्या जमातींच्या आतून आली, आणि दोहोंस साहित्य अकादेमीचे पुरस्कार मिळाले. नारायण सुर्वे मुंबईच्या रस्त्यावर टाकून दिलेले अर्भक म्हणून एका गिरणी कामगाराला सापडले, आणि पुढे त्या नगराचे कवी झाले. 'उपरा'त गाढवाच्या पाठीवरचे बिऱ्हाड आहे. ते बिऱ्हाड पाहणारा बाहेरचा कोणी नाही, ते ज्याचे आहे तोच सांगणारा आहे. काय सांगावे आणि काय राखावे हे त्याच्या हाती आहे. भिंती नसलेल्या माणसाला लेखनाने एक भिंत दिली, असे म्हणावयास हरकत नाही.

दिल्लीच्या बेघरांच्या बाबतीत हे अजून क्वचितच घडले आहे. अमन सेठी ह्यांच्या 'अ फ्री मॅन' (२०११) ह्या पुस्तकात सदर बाजारातील बारा टूटी चौकातले मजूर येतात, आणि लेखकाला त्यांनी कसे चकविले, थांबविले, कंटाळा आणला, हेही तो प्रांजळपणे सांगतो. पुस्तक उत्तम आहे. पण ते पाहणाऱ्याचेच आहे. चित्रपटात तर आतून बोलणे आणखी कठीण, कारण त्याला साधने लागतात, वीज लागते, आणि साधने रात्री सांभाळावयास दार असलेली जागा लागते. ज्याच्या चपला उशाखालून चोरीस जातात, तो कॅमेरा कोठे ठेवणार?

तोवर बेघरांवरचे चित्रपट बाहेरच्यांनीच काढले जाणार, आणि ते काढले जावेत. परंतु लोकांची मने द्रवली काय, एवढ्यावरून त्यांची किंमत ठरविणे पुरेसे नाही. ती थंडीत द्रवतात आणि उन्हाळ्यात थिजतात, हे दिल्लीने पुरेसे दाखविले आहे. किंमत ठरवावयाची ती दुसऱ्याच दोन गोष्टींवरून. पडद्यावरच्या माणसाला घर नसतानाही चित्रपटाने त्याला पुरा माणूस मानले काय, आणि त्याच्याकडे पाहताना, त्याला न दिसण्याचाही हक्क आहे, ह्याची आठवण चित्रपटाने ठेवली काय. पहिल्या कसोटीला 'सिटीज ऑफ स्लीप' पूर्णपणे उतरतो. दुसरीला तो अर्धाच उतरतो. पण पुलाखालच्या अंधारात चित्रपटाकडे पाठ करून निजलेली ती माणसे दाखवून ही कसोटी मुळात आहे, हे त्याने सांगितले. पुढच्या दिग्दर्शकाला तिच्यापासूनच आरंभ करावा लागेल.